दिल्या, हॉर्न ऐकू येतो का?

प्रिय दिल्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी गाडी चालवत नव्हतो. तसं तुला लिहिलं होतं, ते खोटं होतं. मी सोफ्यावर बसून फोनकडे बघत होतो. उचलला असता तर तू पहिल्याच वाक्यात 'काय कानसेन, नवीन काय ऐकलंत?' म्हणाला असतास आणि मला काही सुचलं नसतं. त्यानंतर आज-उद्या करत चार महिने गेले. आता फोनवर सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून हे पत्र.

तब्येत ठीक. साखर काठावर आहे, बीपीची गोळी अर्धी केलीय. वैशालीचा गुडघा चालू-बंद. झालं.

ऑक्टोबरात वैशालीला ताप होता. मी तिच्या तोंडात थर्मामीटर दिला आणि वाजायची वाट बघत बसलो. बराच वेळ झाला तसा म्हटलं, सेल गेला वाटतं. तिने तो काढून हातात घेतला आणि म्हणाली, "अरे, तीनदा वाजला. तू काय करतोयस?" मला वाटलं, तापात बरळतेय. तर सई आतल्या खोलीतून ओरडली, "बाबा, मलासुद्धा इथे ऐकू आला!"

वैशाली गेली वीस वर्षं म्हणतेय की मला सोयीचं तेवढंच ऐकू येतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. सईने मात्र हट्टाने कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे एका काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, डोक्यावर हेडफोन. मी आधी हेडफोनचा मेक बघून घेतला, हे तुला सांगायला नकोच. ती मुलगी म्हणाली, "काका, आवाज आला की बटण दाबा." सुरुवातीला भराभर दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी शांतपणे बसून राहिलो, म्हटलं मशीन लावतेय बिचारी. तर ती काचेपलीकडून हात हलवत होती. तपासणी संपली होती.

ऑडिओग्राम बघितलास कधी? आलेख असतो. माझी रेघ दोन हजार हर्ट्झपर्यंत पठारासारखी सपाट आणि चार हजाराला एकदम कोकणकडा. आपण हरिश्चंद्रगडावर पालथं पडून खाली बघितलं होतं ना, तसा. त्यापुढे दरी. डॉक्टर म्हणाले, "वयाप्रमाणे आहे. वरचेच आवाज आधी जातात. माणसांचं बोलणं कळतं ना? मग सध्या काही करायला नको." मी हो म्हणून फी दिली. त्यांना काय सांगणार, की साहेब, मी गेली पंधरा वर्षं बरोब्बर या दरीतल्या गोष्टींवर लोकांना प्रवचनं देतोय?

दिल्या, २००९ आठव. सप्टेंबरात बीटल्सच्या सगळ्या अल्बमचे रिमास्टर आले, म्हणजे आवाज नव्याने साफसूफ केलेल्या आवृत्त्या. तू तिकडून मोनोचा (सगळा आवाज एकाच वाटेने) खोका आणलास आणि मी इथे स्टिरिओवाला (डावं-उजवं वेगळं) घेतला होता. मी म्हटलं, तुझा मोनो म्हणजे पोत्यात घालून वाजवल्यासारखा. वर तुला त्यांच्या ड्रमवाल्या रिंगोच्या झांजांच्या किनारीवर चार पानी ईमेल लिहिली. झांजांची किनार! तू उत्तरात एवढंच लिहिलंस, 'मोनोत "डोन्ट पास मी बाय" जलद वाजतं आणि "हेल्टर स्केल्टर"च्या शेवटी रिंगोचं बोटांच्या फोडांवरून ओरडणं नाही, तेवढं तरी तुला कळलं का?' मला ते कळलं नव्हतं. पण मी ते कबूल न करता अव्याच्या पोराच्या मुंजीपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. आता रात्री पडल्या पडल्या हिशेब करतो: तेव्हा मला ती किनार खरंच ऐकू येत होती, की मासिकांत वाचलेली होती? कान काय दार आपटून जात नाहीत. ते कधी गेले हे कुठल्या तारखेला लावायचं?

आणि खरी गोष्ट अजून सांगितलेलीच नाही.

अव्याकडची बोनस सभा अजून चालते, तुला ठाऊक आहेच. कुठलीही जुनी तबकडी नव्या खोक्यात आली की आम्ही पाचजण जमतो, मूळ अल्बमला हात लावायचा नाही, फक्त जोडून दिलेला माल ऐकायचा आणि दहापैकी मार्क द्यायचे. वही तीच, निळ्या पुठ्ठ्याची. पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वेअर हिअर'च्या २०११च्या खोक्यातल्या ग्रापेलीच्या व्हायोलिनला तू फोनवरून दहा दिलेस आणि अव्याने साडेतीन, ते पानही आहे. त्यावर चहा सांडलाय, पण तुमची भांडणं वाचता येतात.

यावेळी बीटल्सच्या 'व्हाइट अल्बम'चा २०१८चा खोका पुन्हा काढला होता. सहा सीड्या. तिसरीवर एशर गावातल्या जॉर्ज हॅरिसनच्या घरी भरलेले कच्चे डेमो, चौथी ते सहावी स्टुडिओतली उस्तवार, पन्नास तुकडे. आधी अव्याने नेहमीचं भाषण केलं की 'हेल्टर स्केल्टर'चा सत्तावीस मिनिटांचा टेक (म्हणजे एका दमात भरलेला प्रयत्न) हातात असून यांनी पावणेतेरा मिनिटांचा दिला, म्हणून जे दिलंच नाही त्याचे उणे मार्क धरायचे. दरवेळी हे भाषण होतं. मग 'गुड नाइट'. तुला तो टेक पाठवला होता, आठवतोय? मूळ गाण्यावर सिनेमासारखा वाद्यवृंद लादलाय, तो इथे नाही. नुसती गिटार, रिंगो गातोय आणि बाकीचे तिघे मागून हलकेच सूर धरून आहेत. याच चौघांचं त्या वर्षी एकमेकांशी पटत नव्हतं म्हणतात. पाचजणांनी पाच दहा दिले. वहीत असं पहिल्यांदाच झालं.

'व्हाइल माय गिटार'च्या सत्ताविसाव्या टेकमध्ये जॉर्ज स्मोकी रॉबिन्सनसारखा आवाज वर न्यायला जातो, घसरतो आणि थांबून म्हणतो की स्मोकीसारखं करून बघितलं, पण मी काही स्मोकी नव्हे. याला मी नऊ दिले. कारण विचारलं तर सांगता येत नाही. शेजारी क्लॅप्टनसारखा गिटारवाला बसलेला असताना माणूस चुकतो आणि कबूल करून टाकतो. (बघ, कोण बोलतंय!)

तर सहावी सीडी. तीत 'द इनर लाइट'चा सहावा टेक आहे, नुसती वाद्यं, गाणं नाही. आणि अव्याचा जुना नियम: गायक आला नाही तर थेट अर्धे मार्क कापायचे, नाहीतर या कंपन्या कॅरिओकी विकून गबर होतील. पण इथे अव्याच उलटला. म्हणाला, "हा आपला टेक आहे. याला नियम नाही." बरोबरच होतं. जानेवारी १९६८मध्ये हे वाजवलं गेलं ते आपल्या फोर्टात, फिरोजशाह मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. जॉर्ज सिनेमाचं संगीत करायला आला होता, त्यात हेही उरकलं. स्टिरिओ यंत्र मुंबईत नव्हतं, ते एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आगगाडीने मागवलं. बासरी हरिप्रसादांची. तो सगळा पट्टा लंडनला गेला, तिथे फेब्रुवारीत जॉर्जने आवाज भरला आणि मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला ते आलं. म्हणजे बीटल्सच्या तबकडीवर मुंबई आहे, आणि आपण त्याच रस्त्यावरून किती वर्षं चालत स्टेशनला जायचो!

त्या स्टुडिओत बाहेरच्या रहदारीचा आवाज आत यायचा, हेही छापून आलेलं आहे. अव्याने तेवढंच पकडलं. आवाज वाढवून, बोट वर करून म्हणाला, "आता. बासरी पहिल्यांदा येते त्याच्या आसपास. बेस्टच्या बसचा हॉर्न. आला?" आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं, कानसेन ना मी. मला बासरी आली. पखवाज आला. हॉर्न आला नाही.

मी डोळे मिटले आणि म्हणालो, "हं. डावीकडून. जुना भोंगा असणार, रबरी फुग्याचा."

लेका, डावीकडून! रबरी फुग्याचा! माझ्या तोंडात हे कुठून आलं मला माहीत नाही. एकाने लगेच माझ्या नावानिशी वहीत लिहून घेतलं. मार्क पडले साडेनऊ. तेव्हापासून अव्या भेटेल त्याला तो हॉर्न ऐकवतो आणि म्हणतो, "शऱ्याने दिशासुद्धा सांगितली." परवा त्याच्या व्याह्यांना ऐकवला. व्याही म्हणाले, स्पष्ट आहे.

आता ऑडिओग्राम आल्यावर मला क्षणभर हायसं वाटलं. म्हटलं, चला, ऐकू आला नाही तो कानांमुळे, सगळ्यांना सांगून टाकू. पण मग तो कागद पुन्हा बघितला. बसचा हॉर्न खालच्या पट्टीतला असतो रे. तिथे माझी रेघ सपाट आहे, पंचविशीतल्या पोरासारखी. हॉर्न असता तर मला आलाच असता. म्हणजे एक तर हॉर्न नाहीच, अव्याला भास होतोय आणि मी त्या भासावर शिक्का मारलाय. किंवा अव्याला भासही होत नाही, त्याने मला पकडायला सापळा लावला होता आणि आता मजा बघतोय. तो करेल असं. ऱ्हिदम हाऊसच्या काउंटरवर त्याने तुला अस्तित्वात नसलेली झेपेलिनची तबकडी मागायला लावली होती, विसरलास? काउंटरवरच्या माणसाने 'मागवून देतो' म्हटल्यावर तर अव्या दारातच बसला हसत. ऱ्हिदम हाऊस २०१६ला बंद झालं तरी तो ते सांगायचा थांबलेला नाही.

सईला मी सरळ विचारू शकलो असतो. विचारणारही होतो. हेडफोन तिच्या डोक्यावर घालायच्या आधी नमुन्याला म्हणून एशरचा एक डेमो लावला. 'डिअर प्रूडन्स', ज्याच्या शेवटी लेनन महर्षी महेश योगींच्या आश्रमातली गंमत सांगतो. मी तिला म्हणालो, बघ, मे १९६८मध्ये घरातल्या टेपवर भरलेलं, पण काय स्वच्छ केलंय, सूंसूं औषधालासुद्धा नाही. ती अर्धा मिनिट ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मागे सूंऽऽ येतंय की. पावसासारखं." मी म्हटलं, कुठे? ती म्हणाली, "सगळीकडे." दिल्या, या डेमोंच्या निर्मळपणावर मी वहीत सव्वा पान लिहिलंय. मग हॉर्नचं विचारायची छाती झाली नाही.

आपल्या पहिल्या कॅसेटची आठवण येते, याच 'व्हाइट अल्बम'ची. तुझ्या काकांच्या तबकड्यांवरून नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरलेली, आणि अल्बम त्र्याण्णव मिनिटांचा, म्हणून तू माझ्या परवानगीशिवाय 'रिव्होल्यूशन नाइन' गाळलंस. (ते गाळलंस याचा राग आहे. ते ऐकल्यावर तुझ्याशी सहमत झालो याचा जास्त आहे.) आणि 'लाँग, लाँग, लाँग'च्या शेवटची ती खडखड! तू म्हणालास डेकची मोटर, आणि स्क्रू काढायला बसलास. डेक पुन्हा जोडला तेव्हा तीन स्क्रू उरले आणि तो कायमचा मुका झाला. दहा-बारा वर्षांनी वाचलं की ऑर्गनच्या एका सुराला स्पीकरवरची दारूची बाटली थरथरत होती आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. ती खडखड मला अजून ऐकू येते, अगदी पहिल्यासारखी. परवा मुद्दाम तपासली. या खोक्यात त्याच गाण्याचा चव्वेचाळिसावा टेक आहे. सभेत तो लागला तेव्हा मी चहा बघायला म्हणून आत गेलो. त्यात बाटली नसली तर काय करायचं, हे ठरत नव्हतं.

पुढची सभा पाडव्यानंतरच्या शनिवारी आहे. 'रिव्हॉल्वर'चा २०२२चा खोका. त्यात एकाच पट्टीवर मिसळलेली वाद्यं संगणकाने सुटी केली आहेत, आणि ती किती नीट सुटली यावर मी सुरुवातीला पंधरा मिनिटं बोलायचं असं ठरलंय. मी. बोलायचं काय? ऑडिओग्राम वहीत चिकटवून टाकू? का तू करायचास तसं, तोंड वाकडं करून 'मूळचंच बरं होतं' म्हणू? तसं म्हणायला काहीच ऐकू यावं लागत नाही. हे टोमण्यासारखं झालं, पण राहू दे.

तुझी रिटायरमेंट मार्चमध्येच ना? घर विकायचं चाललं होतं त्याचं काय झालं? मोनोचा खोका विकू नकोस, मी घेईन. नातवाचं नाव शेवटी काय ठेवलं, आम्हाला दोन वेगवेगळी कळली. टोरांटोत बर्फ असेलच. सुनीताला नमस्कार.

काम एकच. तुझ्याकडे तो सहावा टेक आहे. चांगले हेडफोन लाव, घरात कोणी नसताना ऐक. पहिल्यांदा बासरी येते तिथे, आणि त्याच्या आधी-नंतर थोडं. डावीकडे जास्त लक्ष दे. आणि काय ते मला एकट्याला कळव, ग्रुपवर टाकू नकोस. आधी मात्र तुझे कान तपासून घे. आपण एकाच वयाचे आहोत.

तुझा,
शऱ्या

ता. क. अव्याला यातलं काही बोललास तर झेपेलिनच्या त्या तबकडीचं नाव सुनीताला सांगेन.