पायाचा ब्लॉक: सोनोग्राफी कुठे हवीच, कुठे नाही

संपादक महोदय,

मधुमेहाने पायाला गँगरीन झालेला रुग्ण, त्यात हृदय अधू आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू, अशा वेळी कंबरेत भूल देणे धोक्याचे ठरते. मग पायाच्या नसांपुरता ब्लॉक, म्हणजे त्या नसांभोवती (मज्जातंतूंभोवती) औषध सोडून तेवढाच भाग बधिर करणे, हाच मोठा आधार असतो. मात्र ‘सोनोग्राफी नाही तर ब्लॉक देऊच नये’ असे हल्ली सरसकट बोलले जाते, ते आम्हाला पटत नाही.

बोटे किंवा पंजाचा पुढचा भाग काढायचा असेल तर घोट्याचा ब्लॉक पुरतो आणि त्याला मशीन लागत नाही. आतल्या घोट्यामागे धमनीचे ठोके बोटाला लागतात, टिबिअल नस तिच्या लगेच मागे असते. अंगठा वर उचलायला सांगितला की पावलावर त्याचा कंडरा ताणलेला दिसतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला डीप पेरोनिअल नस. उरलेल्या तीन नसांसाठी घोट्याभोवती कातडीखाली औषधाचे कडे करायचे. प्रत्येक नसेला साधारण 5 मिली. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायात रक्तवाहिन्या आकसवणारे ॲड्रेनलिन मिसळायचे नाही. हा ब्लॉक फसतो तो बहुधा घाईने. टिबिअल नस जाड असल्याने औषध मुरायला 15–20 मिनिटे लागतात. त्याआधी चाकू लावला की तळवा दुखतो आणि दोष ब्लॉकवर येतो.

गुडघ्याजवळ मात्र चित्र वेगळे. सायटिक नस लवणीच्या (गुडघ्यामागच्या खळग्याच्या) वर नेमकी कुठे दुभागते हे माणसागणिक बदलते. खुणांच्या पद्धतीत लवणीच्या घडीपासून सुमारे 7 सेंमी वर सुई घालून, स्टिम्युलेटरचा (सुईतून नसेला सौम्य वीज देणाऱ्या यंत्राचा) प्रवाह 0.5 मिलिअँपिअरपर्यंत उतरवला तरी पाऊल हलते का ते पाहतात. पण जुन्या मधुमेहात आजारी नस प्रवाहाला दादच देत नाही. सुई नसेला टेकलेली असूनही पाऊल हलत नाही आणि हात ती आणखी पुढे ढकलतो. ज्याला ब्लॉकची सर्वांत जास्त गरज, त्याच रुग्णात ही खूण दगा देते. म्हणून इथे सोनोग्राफी हवीच.

प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा कातडीवर टेकवायचा भाग, लवणीत आडवा धरून हळूहळू वर सरकवला की दोन नसा एकत्र येताना दिसतात. नस दिसेनाशी झाली तर प्रोब पावलाच्या दिशेने किंचित कलवावा, ती पुन्हा उजळते. सुईचे टोक दिसत नसेल तर सुई पुढे न्यायची नाही. आधी 1 मिली सोडून औषध नसेभोवती पसरते का पाहायचे. नसच फुगली किंवा पिचकारी जड लागली तर लगेच थांबायचे.

मात्रेचा हिशेबही बोलका आहे. किलोला 2 मिलिग्रॅम धरले तर 60 किलोच्या रुग्णाला ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध 0.5 टक्क्याचे 24 मिलीच देता येते. गुडघ्याखालून पाय काढताना सायटिकबरोबर जांघेतली फेमोरल नसही बधिर करावी लागते. नुसत्या खुणांवर दोन्हींना मिळून 40 मिली सहज संपते, म्हणजे 200 मिलिग्रॅम. नसा समोर दिसत असतील तर 15 आणि 8 मिलीत काम होते. जास्त औषध रक्तात गेले की झटके येतात, हृदय थांबू शकते. त्यामुळे मशीन असो वा नसो, या विषबाधेवरचा उतारा, 20 टक्के लिपिड इमल्शन, टेबलाजवळ हवेच.

सोनोग्राफीने रक्तवाहिनीत सुई जाणे आणि औषधाची विषबाधा कमी होते. नसेची कायमची इजा कमी होते, असे मात्र ठामपणे सिद्ध झालेले नाही.

अडचण मशीन पोहोचण्याची आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्यामुळे मशीन नोंदणीच्या जागेशी बांधलेले असते. चार नर्सिंग होम करणारा भूलतज्ज्ञ ते सोबत नेऊ शकत नाही. कायदा सैल करा असे आमचे म्हणणे मुळीच नाही; मुलींसाठी तो हवाच. पण मधुमेही पायाची शस्त्रक्रिया होते अशा प्रत्येक सरकारी रुग्णालयात लिनिअर प्रोबचे (कातडीजवळच्या नसा स्पष्ट दाखवणाऱ्या सपाट प्रोबचे) एक मशीन ऑपरेशन थिएटरसाठीच नोंदवून ठेवावे. आणि पदव्युत्तर परीक्षेत विद्यार्थ्याला प्रोब हाती देण्याआधी घोट्यामागचा ठोका बोटाने शोधून दाखवायला सांगावे.

— दोन भूलतज्ज्ञ, सातारा