घरातले जुने कॉलेजचे फोटो रद्दीत घालू नका, वाचनालयाला द्या (आणि जमेल तेवढी वर्गणीपण)

नमस्कार मंडळी,

कराड आणि आसपासच्या गावातले, आणि इथनं शिकायला कोल्हापूर-पुण्याला गेलेले, सगळ्यांसाठीच हे लिहितोय. आपल्या वाचनालयानं एक काम हातात घेतलंय. १९३० ते १९६० या काळात आपल्या भागातली जी मुलं-मुली कॉलेजात गेली त्यांचे फोटो, जिमखान्याची सर्टिफिकेटं, कॉलेजची वार्षिकं, बोर्डिंगातनं घरी धाडलेली पत्रं, असेल ते गोळा करायचं, स्कॅन करायचं आणि कुणालाही येऊन बघता येईल असं ठेवायचं.

हाच काळ का, तर गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव आठवा. कराडच्या टिळक हायस्कूलात असताना १९४२ च्या चळवळीत भूमिगतांना आसरा द्यायचं काम केलं, तिथनं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले, आणि १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर कुस्ती खेळून सहावे आले. तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. पण १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचं म्हटल्यावर पैसे आणायचे कुठनं? मग गावानं वर्गणी काढली, दुकानदारांनी दिले, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर सरांनी राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. प्राचार्यानं विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकलं! खाशाबांनी ब्रॉंझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कराड स्टेशनवरनं बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि नंतर कुस्त्यांची मैदानं भरवून त्यांनी सरांचे पैसे फेडले.

त्याच शाळेत आणि त्याच कॉलेजात त्यांच्या आधी यशवंतराव चव्हाण होते, १९३२ ला झेंडा फडकवला म्हणून तुरुंगात गेले आणि सुटून आल्यावर पुढं शिकून १९३८ ला बीए झाले. म्हणजे तालीम, अभ्यास, चळवळ हे सगळं एकाच वयात आणि बऱ्याचदा एकाच खोलीत चाललेलं असायचं. शाहू महाराजांनी काढलेल्या बोर्डिंगांमुळं खेड्यातली मुलं कोल्हापुरात राहून शिकू शकली, त्यातल्या किती जणांची नावं आज आपल्याला माहिती आहेत? मोठ्यांचं लिहून झालंय, बाकीच्यांचं फक्त तुमच्या माळ्यावर आहे.

नुकताच एकानं कुस्तीच्या टीमचा ग्रुप फोटो आणून दिला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली नावं छापलेली, मधली ट्रॉफी अजून लखलखीत दिसते, पण पुठ्ठ्याला कसर लागलीय, "उभे डावीकडून" एवढं वाचता येतं आणि पुढची निम्मी ओळच खाल्लेली. त्या पोरांना ओळखणारं माणूस आता शोधायचं कुठं?

म्हणून घाई आहे. ग्रुप फोटो साध्या स्कॅनरवर मावत नाहीत, मोठा स्कॅनर घ्यावा लागणार, शिवाय दोन लोखंडी कपाटं, असा साधारण ९० हजारांचा खर्च धरलाय. १०१ दिलेत तरी चालेल, प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि हिशोब वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. परदेशातल्या मंडळींनी घरच्यांच्या हातनं पाठवलं तरी चालतंय. पैसे जमत नसतील तर रविवारी दोन तास टायपिंगला या, जुनं मोडी किंवा बारीक अक्षर वाचता येणारं कुणी असेल तर फारच बरं. आणि घरात ऐंशी-नव्वदीचे आजी-आजोबा असतील तर आम्हाला बोलवा, आम्ही रेकॉर्डर घेऊन येतो.

वस्तू स्कॅन करून परत मिळेल, ठेवायची असेल तर तसं पावतीवर लिहून घेऊ. वाचनालय संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं, काउंटरवर सांगितलं की झालं. फक्त एक करा, फोटो पुठ्ठ्यावरनं सोलू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका, आणि मागं पेनानं काही लिहू नका, नावं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.