हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असे नव्हे

महोदय,

रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन सात-आठवर आले की घरात बीट, खजूर आणि गूळ-शेंगदाण्यांचा मारा सुरू होतो. तरीही आकडा हलला नाही, तर ‘नीट जेवत नाहीस’ असा ठपका आजाऱ्यावरच येतो. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत नोकरी करताना रिपोर्टच्या खिडकीशी मी हे बोलणे वर्षानुवर्षे ऐकले. दोन जिने चढून धाप लागलेल्या, ओठ पांढरे पडलेल्या माणसाला ते निमूट ऐकून घ्यावे लागते, हे मला फार अन्यायाचे वाटते.

या आजारात रक्त कमी होण्याचे मूळ बहुधा ताटात नसते. तांबड्या पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गरात, तयार होतात आणि ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात तीच जागा कर्करोगाच्या पेशींनी व्यापलेली असते. केमोथेरपीमुळे उरलीसुरली निर्मितीही काही काळ मंदावते. मायलोमा या रक्ताच्या आणखी एका कर्करोगात मूत्रपिंडांवर परिणाम झाला, तर तांबड्या पेशी तयार करायला लावणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडते. शिवाय दीर्घ आजारात यकृतातून लोहाची वाट अडवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त स्रवते आणि लोह साठ्यातच अडकून राहते, म्हणजे अंगात लोह असूनही मज्जेच्या हाती लागत नाही. लोह खरोखरच कमी आहे का, हे फेरिटिनसारख्या, लोहाचा साठा दाखवणाऱ्या तपासण्यांवरून डॉक्टरांनी ठरवायचे असते. मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करणे, विशेषतः वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत, अपायकारक ठरू शकते, कारण रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही; ते यकृतात आणि हृदयात साचत जाते.

रक्त चढवायची वेळ आली की सख्खी भावंडे सर्वांत आधी बाही वर करतात. ही माया मोलाची आहे. परंतु पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची शक्यता असेल, तर त्याच भावंडांचे रक्त रुग्णाला देणे टाळावे लागते, कारण पुढे मज्जा देणारे तेच असू शकतात आणि आधी दिलेल्या रक्तामुळे त्यांच्याच मज्जेविरुद्ध रुग्णाच्या शरीरात प्रतिकार निर्माण होऊ शकतो. त्यांनी रक्तदान जरूर करावे, पण ते इतर रुग्णांसाठी. बदली रक्तदाते मागताना रक्तपेढ्यांनी एवढी गोष्ट नातेवाइकांना आवर्जून सांगावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मिरज