दोन धारा दिसल्या की

नाशिक

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न होता, नदीचा उगम शोधणारा माणूस संगमावर आल्यावर कुठल्या धारेनं वर जातो? पायपीट त्यानंतरची. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यासाठी गुपचूप नकाशे काढणारे नैनसिंग रावत यांनी 1865-66 च्या तिबेट प्रवासात दर शंभर पावलांना एक मणी सरकवत अंतर मोजलं. माळ 108 ऐवजी 100 मण्यांची, म्हणजे एका फेरीत दहा हजार पावलं, साधारण पाच मैल. पण धारच चुकली तर मणी मोजून काय उपयोग?

1907 मध्ये स्वीडिश संशोधक स्वेन हेडिन ब्रह्मपुत्रेच्या, म्हणजे तिबेटातल्या त्सांगपोच्या, वरच्या अंगाला गेला. तिथे कुबी, चेमायुंगडुंग आणि मर्युम अशा तीन धारा. त्यानं तिन्हींचं पाणी मोजलं, कुबी सर्वांत मोठी निघाली, आणि तिच्या हिमनद्यांना उगम मानलं. पुढे कैलास-मानसरोवराचे अभ्यासक स्वामी प्रणवानंदांनी चेमायुंगडुंगची बाजू धरली, लांबी आणि तिबेटी परंपरेच्या आधारानं. म्हणून आधी ठरव: लांबी, पाणी की परंपरा? आपल्याकडे ब्रह्मगिरीवर हा वाद होत नाही. तिथे परंपराच शेवटचा शब्द.

आता पाणी मोजायचं कसं. नदीचा सरळ, दगडधोंडे नसलेला दहा मीटरचा तुकडा निवड. त्या तुकड्याच्या दोन-तीन मीटर आधी, वरच्या अंगाला, पाण्यात एक संत्रं सोड, म्हणजे तुकड्याच्या सुरुवातीला येईपर्यंत त्याला प्रवाहाचा वेग आलेला असतो. रिकामी बाटली नको, ती वाऱ्यानं पळते. ते दहा मीटर जायला किती सेकंद घेतं, ते पाच वेळा मोज. मग या काठापासून त्या काठापर्यंत दर मीटरला खोली माप. रुंद पट्टी प्रवाहाला आडवी धरलीस तर पाणी तिच्यावर चढतं आणि खोली जास्त दिसते, म्हणून पातळ कड समोर ठेव. रुंदी 8 मीटर, सरासरी खोली अर्धा मीटर, आठ सेकंदांत दहा मीटर, तर सेकंदाला 5 घनमीटर. पण तळाजवळचं पाणी पृष्ठभागापेक्षा सावकाश वाहतं, म्हणून 0.85 नं गुणायचं: सव्वाचार.

हिमनदीच्या पाण्याची खोड म्हणजे ते पहाटे कमी आणि दुपारनंतर फुगतं. एक धार सकाळी अन् दुसरी दुपारी मोजलीस, तर उन्हामुळे वाढलेलं पाणी तू नदीच्या खात्यावर जमा करशील. दोन्हीकडे माणसं उभी कर, वेळ एकच ठेव. गुडघ्यावर पाणी असेल तर उतरू नकोस, बर्फाच्या पाण्यात पाय लवकर बधिर होतात.

सराव टाकळीला कर, नासर्डी गोदावरीला मिळते तिथे. फक्त गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं नाही ना, तेवढं आधी बघून घे. सोडलं असेल तर ते आकडे वहीत उतरवूच नकोस.

तुझे,
बाबा