सूचना : पाणबुडी दिन आणि विशाखापट्टणमची सहल

सर्व सभासदांना आठवण. ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन. १९६७ साली याच तारखेला आपली पहिली पाणबुडी, आयएनएस कलवरी, सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात नौदलात दाखल झाली. त्यानिमित्त आपण विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरची आयएनएस कुरसुरा ही जुनी पाणबुडी पाहायला जात आहोत. ज्यांचे पैसे बाकी आहेत त्यांनी रविवारपर्यंत खजिनदारांकडे भरावेत, तिकिटे एकदमच काढायची आहेत.

कुरसुरा सुमारे ९१ मीटर लांब. बाहेरून अवाढव्य, आत मात्र दाटीवाटी. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचे ते गोल दारातून, आधी एक पाय, मग वाकून डोके. गुडघेदुखीवाल्यांनी आधीच सांगावे. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा. टॉर्पेडोच्या नळ्या पुढे सहा, मागे चार. एवढ्या जागेत सत्तरएक माणसे राहायची, आणि गोडे पाणी मोजूनमापून! १९७१ च्या युद्धात ही बोट गस्तीवर होती.

माहिती द्यायला निवृत्त नौसैनिक असतात. त्यांना पाणबुडीवरच्या नौसैनिकांच्या डॉल्फिनच्या बिल्ल्याबद्दल जरूर विचारा. तो भरती झाल्याबरोबर मिळत नाही. बोटीतली यंत्रणा शिकून परीक्षा दिल्यावरच छातीवर लागतो.

जुन्या बोटीचे नाव नव्या बोटीला देण्याचीही रीत आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी कलवरी १४ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत दाखल झाली. तिच्याविषयी कात्रणे असल्यास सोबत आणावीत, गाडीत वेळ भरपूर आहे.

– कार्यवाह