रोमच्या चाळीतले बालगृह

संपादक महोदय,

अंगणवाडीसाठी खोली भाड्याने घेताना भाडे आणि क्षेत्रफळ पाहिले जाते. दारापुढे मोकळी जागा आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही. आमच्या वस्तीतली अंगणवाडी नुकतीच अशाच एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत गेली, म्हणून हे पत्र.

इटलीतल्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेंझो भागात सुरू झाले, ते शाळेसाठी बांधलेल्या वास्तूत नव्हे, तर कष्टकऱ्यांच्या चाळवजा इमारतीत. दाटीने वस्ती झालेल्या तिथल्या इमारती एका गृहसंस्थेने विकत घेतल्या आणि एदुआर्दो तालामो यांच्या देखरेखीखाली चौकाभोवतीची अंधारी बांधकामे पाडून आत उजेड-वारा आणला. मात्र आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले नव्याने रंगवलेल्या भिंती आणि जिने खराब करू लागली. तेव्हा डागडुजीवर पैसे घालण्यापेक्षा या मुलांनाच एका खोलीत सांभाळावे, असा हिशेब मालकांनी केला. एवढ्या मोठ्या शिक्षणविचाराचे मूळ रंगसफेदीच्या खर्चात सापडावे, याची मला नेहमीच गंमत वाटते.

माँटेसरींनी त्या घरात मुलांना स्वतः हलवता येतील अशा टेबलखुर्च्या आणि त्यांचा हात पोचेल अशी कपाटे आणली. चौकातली बाग वर्गाला लागूनच होती, आणि आयांना कोणत्याही वेळी येऊन मुले काय करतात ते पाहता येई.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबाडला नेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव उचलले. अंगण मात्र भाडेकरारात कुठेच लिहिलेले नसते.

तेव्हा अंगणवाडीची खोली तळमजल्यावरच असावी, तिचे दार मोकळ्या जागेत उघडावे आणि पाण्याचा नळ मुलांच्या उंचीला असावा, एवढे तरी खोली ठरवताना बंधनकारक करावे. आमच्या वस्तीत समाजमंदिराला लागून अशी जागा आहे; सध्या तिथे दुचाक्या उभ्या असतात.

— एक निवृत्त शिक्षिका, ठाणे