धार न लावलेल्या कुऱ्हाडी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या फाउंड्रीत नवी भट्टी सुरू झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार सांग. आज तुला कास्टिंगबद्दलच लिहितोय, पण सत्तावीसशे वर्षांपूर्वीच्या.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये लँग्टन मॅट्रॅव्हर्स नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतात 2007 साली मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी मंडळींना कांस्याच्या कुऱ्हाडींचा पुरलेला साठा सापडला. तुकडे धरून 777 नग, त्यांत तीनशेहून जास्त अखंड! काळ इ.स.पू. 700च्या आसपासचा. डॉर्चेस्टरच्या संग्रहालयात त्यांतल्या काही पाहिल्या, तेव्हा सारखी तुझी आठवण येत होती.

पातं तळहातावर मावेल एवढंच. मागून पोकळ, त्यात वाकड्या लाकडी दांड्याचं टोक बसायचं. बाजूला छोटी कडी, दांडा दोरीनं आवळायला. दोन्ही कडांना साच्याच्या जोडाची रेघ; तू असतास तर पहिलं बोट तिथेच दाखवलं असतंस. आणि कितीतरी कुऱ्हाडींच्या पोकळीत मातीचा कोअर, म्हणजे ओतताना पोकळी राखणारा गाभा, तसाच राहिलेला! म्हणजे त्यांना दांडा कधी बसलाच नाही. धारही लावलेली नाही.

धातूची गंमत तर पुढेच आहे. कामाच्या कुऱ्हाडीला तांब्यात दहा टक्क्यांच्या आसपास कथिल पुरतं. इथं ते बरंच जास्त आहे. त्यामुळे रंग रुपेरी, चकचकीत. पण देवळातल्या घंटेच्या काशासारखा ठिसूळपणा. लाकडावर घाव घातला की तुकडे. पिढ्यान्पिढ्या कांस्य ओतणाऱ्या कारागिरांना हे ठाऊक नव्हतं, हे मला अजिबात पटत नाही. त्यांना ती चमकच हवी असणार.

ब्रिटनमध्ये तेव्हा लोखंड नुकतं येऊ लागलं होतं. कांस्याचं मोल उतरलं म्हणून साठा पुरला, असं काही अभ्यासक म्हणतात. काहींना तो देवाला वाहिलेला वाटतो. माझा कौल दुसऱ्या बाजूला. टाकायच्याच वस्तूसाठी इतकं कथिल कोण खर्च करील?

एक शंका मात्र तूच फेडू शकशील. कथिल वाढवलं की मिश्रण कमी उष्णतेला वितळतं आणि साच्यात नीट भरतं ना? मग भराभर शेकडो नग ओतायला सोपं जावं, हेही कारण असेल का? फोटो पाठवतोय. कडीजवळचा भाग मोठा करून बघ आणि सविस्तर लिही.

तुझा,
मंदार